कुणीही वापरावं

"मॅडम, पुस्तक आणलंय न्हवं?" मेटकरी सरांनी आल्या आल्या विचारलं.

मी प्राचार्यांच्या केबिनबाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर बॅग, बॅगेत माझं पुस्तक. मुलाखतीला अजून तासभर अवकाश होता. सर सांगोल्याकडून एसटीनं आले होते. शर्टाला इस्त्री केलेली होती, पण तिचा एसटीत पार चुथडा झाला होता.

"आणलंय ना," मी म्हटलं.

"बघू जरा. माझी प्रत आईकडं आहे. देव्हाऱ्यात ठेवलीय तिनं, बिरोबाच्या फोटोपाशी. आज न्यायला मागितली तर म्हणती, देवापुढचं उचलायचं न्हाई, तुला कशाला पायजे, तूच लिव्हलंयस की."

मी पुस्तक काढून दिलं. 'माणदेशातील गवते'. खाली माझं नाव, डॉ. हेमलता इनामदार. सरांनी मुखपृष्ठ बघितलंच नाही, थेट शेवटचं पान काढलं. तिथे संदर्भग्रंथांच्या यादीखाली मुंगीएवढ्या अक्षरांत छापलं होतं की, या पुस्तकातला मजकूर आणि चित्रं श्री. मायाप्पा मेटकरी यांनी त्यांच्या संकेतस्थळावर खुल्या परवान्यानं प्रसिद्ध केलेल्या नोंदींवरून घेतली आहेत. सरांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"छापलेलं नाव काय वेगळंच दिसतं हो," ते म्हणाले आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत दिलं.

मी ते बॅगेत टाकलं आणि चेन ओढली. त्या घटकेपर्यंत माझ्या मनात काही म्हणता काही नव्हतं. शपथेवर सांगते. माझ्या शपथेला आता कोण विचारतंय, ते सोडा.

जागा एक होती आणि आम्ही दोघं. विषय वनस्पतिशास्त्र, कॉलेज माणदेशातलं, तालुक्याच्या गावचं. सर तिथे अकरा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होते, मी सात. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढंच तुमचं अस्तित्व. सुट्टी लागली की तुम्ही कोण आणि कॉलेज कोण. कायम जागा चौदा वर्षांनी निघाली होती आणि पुन्हा निघणार नाही असं सगळेच म्हणत होते. सरांचं वय चव्वेचाळीस. ही जागा गेली तर ते प्राध्यापक म्हणून म्हातारे होणार नव्हते, नुसते म्हातारे होणार होते. माझं वय त्यांच्याहून दोनच वर्षांनी कमी होतं, हेही सांगून टाकते.

सरांचे वडील मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जायचे. सर लहानपणी त्यांच्यामागं हिंडलेले. त्यामुळे त्यांना गवत ओळखायला पुस्तक लागत नसे. त्यांनी वीसेक वर्षं खपून वह्या केल्या होत्या. एका पानावर एक गवत, शाईनं काढलेलं, आणि खाली त्यांच्या गोल अक्षरात त्याची कुंडली. 'कुसळी. फुलोऱ्याआधी मेंढी आवडीनं खाते. नंतर कुसळ तोंडात रुततं, तेव्हा तिकडं फिरवू नये.' मारवेल, पवन्या, डोंगरी, एकेकाला असं घरच्या माणसासारखं लिहिलेलं. एका विद्यार्थ्यानं त्या पानांचे फोटो काढून सरांना संकेतस्थळ करून दिलं होतं.

आणि त्या संकेतस्थळाला खुला परवाना लावायला मीच लावलं.

मी तेव्हा पुण्याला पाच दिवसांच्या प्रशिक्षणाला जाऊन आले होते. खुलं शैक्षणिक साहित्य हा विषय होता आणि मी नुसती उतू चालले होते. आल्या आल्या कॉलेजात कार्यशाळा घेतली. ज्ञान कोंडून ठेवलं की कुजतं, असं फळ्यावर लिहिलं. मग परवान्याचे प्रकार सांगितले. एकात नुसती नक्कल करायला मुभा, एकात बदल करायला, आणि सगळ्यात मोकळा म्हणजे कुणीही वापरा, बदला, छापा, विका, फक्त मूळ माणसाचं नाव ठेवा. कार्यशाळा संपल्यावर सगळे चहाला गेले आणि सर तेवढे मागे थांबले.

"मॅडम, विकायची पण मुभा द्यायची?"

"द्यायची. कुणी छापून विकलं तर तुमचं काय जातंय? चार माणसांना गवत कळेल."

"आणि नाव?"

"नाव ठेवावंच लागतं. तेवढी एकच अट."

"मग झालं की." त्यांनी माऊस हातात घेतला आणि पुन्हा थांबले. "नंतर परत घेता येतं का?"

"नाही. एकदा दिलं ते दिलं."

"ते बरं हाय. दिलेलं मागून घेणारी माणसं आपल्याला न्हाई आवडत," असं म्हणून त्यांनी बटण दाबलं.

मी त्या दिवशी खरंच आनंदात होते. मला फसवायचं असतं तर गोष्ट सोपी झाली असती.

दोन वर्षांनी जाहिरात आली, आणि जाहिरातीसोबत गुणांचा तक्ता. त्यात पुस्तकाला गुण होते. संकेतस्थळाला भोपळा होता. माझ्याजवळ डॉक्टरेट होती, पण पुस्तक नव्हतं. सरांच्या नोंदी तिथे उघड्यावर होत्या. वापरायला कुणाला विचारायची गरज नव्हती, परवान्यात सगळं बसत होतं. तरी मी विचारलं. आधी विचारलेलं असलं की माणसाला नंतर बोलता येत नाही, एवढं व्यवहारज्ञान मला होतं.

"सर, तुमच्या नोंदी घेऊन एक पुस्तक करतेय."

"करा की! त्यासाठीच ठेवल्यात."

वर नाव कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही. न विचारलेलं सांगायची सवय मला माहेरीही नव्हती.

मी सगळ्या वह्या टाइप करून घेतल्या. अनुक्रम बदलला, लॅटिन नावं तपासली, आठ पानांची प्रस्तावना लिहिली. पुस्तक निघालं तेव्हा पहिली प्रत सरांनाच दिली. आत 'सप्रेम भेट' लिहून सही केली, तारीख घातली. त्यांनी मुखपृष्ठाकडे बराच वेळ बघितलं.

"नाव तुमचं मोठं आलं," ते म्हणाले. मग स्वतःच सावरून घेतलं, "बरोबरच हाय म्हणा. डॉक्टर हायसा तुम्ही."

यात सरांकडून एक चूक झाली. ती त्यांच्यासारख्या माणसाकडूनच होऊ शकते. याच जागेसाठी त्यांनीही आपल्या वह्या टाइप करून घेतल्या, त्यांची एक वही बांधली आणि अर्जासोबत 'माझे लेखन' म्हणून जोडली. तुम्हाला दिलं ते तुमचं झालं, म्हणून माझं काय माझं राहिलं नाही? असा त्यांचा सरळ हिशेब. परवान्यातही तसंच होतं. कॉलेजच्या ऑफिसनं मात्र दोन्ही उमेदवारांचं लेखन नवीन आणलेल्या सॉफ्टवेअरमधून काढलं. उचलेगिरी पकडणारं ते यंत्र. त्याला छापील अक्षर वाचता येत होतं, हाताचं नाही. वीस वर्षांच्या वह्यांचे फोटो त्याच्या लेखी कोरे होते. माझ्या प्रकाशकानं पुस्तकाची प्रत त्या यंत्रात आधीच नोंदवून ठेवलेली होती.

सरांना आधी आत बोलावलं. केबिनची भिंत प्लायवूडची होती आणि वर छतापर्यंत पोचलेली नव्हती. बाहेर बाकावर शब्द न शब्द ऐकू यायचा.

"मेटकरी, हे काय आहे?" हा आवाज विद्यापीठाकडून आलेल्या तज्ज्ञांचा. "एक्याण्णव टक्के."

"काय एक्याण्णव, सर?"

"साम्य. तुमच्या वहीतलं एक्याण्णव टक्के लेखन डॉ. इनामदारांच्या पुस्तकातलं आहे. प्रस्तावना तेवढी उतरवायची राहिली वाटतं."

"न्हाई सर, उलटं हाय. त्यांनी माझ्यातनं घेतलंय. म्हणजे मी दिलंय. खुल्या परवान्यानं."

"कसल्या परवान्यानं?"

सर समजावून सांगायला लागले. मी फळ्यावर जे जे लिहिलं होतं ते ते, त्याच क्रमानं. आत कुणीतरी चहा ढवळत होतं. सरांनी मोबाइलवर संकेतस्थळ उघडून दाखवलं असावं, कारण तज्ज्ञ म्हणाले, "फोटो काय, पुस्तकावरून वही उतरवून काढली की झाले फोटो. तारीखही हवी ती टाकता येते."

"सर, हे बघा, पवन्याचं पान अर्धं हाय. टोक न्हाई. मी चित्र काढत होतो तवा मेंढीनं खाल्लं. पुस्तकातबी अर्धंच हाय."

आत हशा पिकला. प्राचार्यही हसले. ते नवे होते, तीन महिन्यांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी ना वह्या बघितल्या होत्या, ना माझी कार्यशाळा.

"मेंढीची साक्ष काढायची का मग?" तज्ज्ञ म्हणाले.

"सर, पुस्तकाच्या शेवटच्या पानावर माझं नाव हाय. बघा की."

कागद चाळल्याचा आवाज आला. माझ्या अर्जासोबत पुस्तकाच्या झेरॉक्स होत्या. मुखपृष्ठ, नोंदणीक्रमांकाचं पान, अनुक्रमणिका आणि पहिली दोन प्रकरणं. एवढंच मागितलं होतं, एवढंच जोडलं होतं.

"इथे शेवटचं पान नाही. मूळ प्रत कुठाय?" प्राचार्यांनी विचारलं.

"मॅडम बाहेर हायत. त्यांना विचारा. त्या सांगतील," सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम हलका झाला होता. सुटलो, असा.

शिपायानं दार उघडून मला खूण केली.

मी आत गेले. बॅग खांद्यावर. सर उभेच होते, मला बघून हसले आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली.

"बसा मॅडम," तज्ज्ञ म्हणाले. "दोन-तीन साध्या गोष्टी. हे पुस्तक तुमचं?"

"हो सर."

"केव्हा निघालं?"

"गेल्या दिवाळीत."

"याची प्रत तुम्ही यांना दिली होती?"

"हो. पहिली प्रत त्यांनाच दिली. सप्रेम भेट म्हणून."

तज्ज्ञांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्यांनी मान हलवली. मी एकही शब्द खोटा बोलले नव्हते. सर अजून हसतच होते. आता मॅडम पुढचं सांगतील, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"हे म्हणतात शेवटच्या पानावर यांचं नाव आहे," प्राचार्य म्हणाले. "पुस्तकाची मूळ प्रत आणलीय का तुम्ही?"

बॅगेचा बंद खांद्यावर रुतत होता. चारशे पानांचं पुस्तक, त्याला वजन असतं. चेन ओढायची आणि ते टेबलावर ठेवायचं, बस्स. माझे पुस्तकाचे गुण तरीही गेले नसते. सगळं परवान्यातच होतं. पण मग वीस वर्षं कुणी वह्या भरल्या ते त्यांना कळलं असतं, आणि आम्हा दोघांपैकी गवत कुणाला कळतं हेही कळलं असतं. मी हे सगळं व्यवस्थित विचार करून केलं. घाबरून गेले, तोंडातून निसटलं, असं पुढं मी पुष्कळदा स्वतःला सांगून बघितलं. ते खरं नाही.

"नाही सर," मी म्हटलं. "आज आणलं नाही."

सरांचं हसू मावळलं नाही, नुसतं जागच्या जागी राहिलं. त्यांनी माझ्या बॅगेकडे बघितलं. मग माझ्याकडे. तासाभरापूर्वी त्यांनी ते पुस्तक स्वतःच्या हातांनी धरलं होतं, हे त्या खोलीत आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मी वाट बघत होते. यांची बॅग उघडा, एवढं ते म्हणाले असते तर माझी नोकरी आणि अब्रू दोन्ही त्याच टेबलावर गेली असती.

"मेटकरी, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"न्हाई सर," ते म्हणाले. "असू दे."

मुलाखत संपली तेव्हा ते फाटकाबाहेर एसटीची वाट बघत उभे होते. मला दुसऱ्या रस्त्यानं जाता आलं असतं. पण माझं डोकं भणभणलं होतं आणि मला त्यांचाच राग आला होता. ज्याचं वाईट करावं त्याचाच राग येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"बोलला का नाहीत?" मी जवळजवळ खेकसले. "पुस्तक बॅगेत होतं. तुम्ही बघितलं होतं."

"बाईमाणसाची बॅग," ते म्हणाले. "उघडा म्हणून कसं म्हणायचं?"

समोरून एसटी आली. ते चढायला लागले आणि पायरीवरून मागे वळून म्हणाले, "आन मॅडम, मला वाटलं, तुम्हीच काढशीला."

जागा मला मिळाली. समितीनं आपल्या अहवालात मेटकरींच्या नावापुढे वाङ्मयचौर्य असा शब्द लिहिला. पुढच्या जूनमध्ये त्यांना तासही मिळाले नाहीत. शेजारच्या तालुक्यातल्या दोन कॉलेजांत त्यांनी अर्ज केला, पण तो शब्द त्यांच्याआधी तिथे पोचला होता. एका ठिकाणून माझ्याकडे फोन आला होता, माणूस कसा आहे म्हणून. मी म्हटलं, "शिकवतात चांगलं. बाकीचं तुम्हाला माहीतच असेल." याहून जास्त मी त्यांचं काही बिघडवलं नाही. गरजच पडली नाही.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. मी विभागप्रमुख झाले, पुस्तकाची तिसरी आवृत्ती निघाली.

मागल्या उन्हाळ्यात मला सांगोल्याजवळच्या एका कॉलेजात प्रकल्पांची बाह्य परीक्षक म्हणून जावं लागलं. दिवसभर तेच ते प्रकल्प, तीच उत्तरं. दुपारी एक मुलगी आत आली, रुक्मिणी गडदे नावाची. विषय होता माळावरची गवतं. मी फाइल उघडली आणि चित्र बघताक्षणी हात कुणाचा ते ओळखलं. हे गवत मात्र माझ्या पुस्तकात नव्हतं. पुढचंही नव्हतं. प्रत्येक पानाखाली मुलीनं स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ लेखन: डॉ. हेमलता इनामदार. मांडणी: मा. मेटकरी. कुणीही वापरावं.'

"हे कुठून घेतलं?" मी विचारलं.

"मेटकरी सरांच्या वेबसाइटवरनं, मॅडम. आमच्या गावचेच हायत. दर रविवारी आम्हाला माळावर नेत्यात, गवत दावायला. काही घेत न्हाईत."

"मग मूळ लेखन त्यांचं नाही का?"

"न्हाई मॅडम. वेबसाइटवर प्रत्येक पानाखाली असंच लिव्हलंय. सर म्हणत्यात, त्या मॅडमचं नाव घातल्याबिगर मशीन पास करत न्हाई. आधी एका पोराचं काम चोरीचं म्हणून परत आलं हुतं. तवापासनं सरांनी सगळ्या पानांखाली घातलं."

"पण ही गवतं तर त्या पुस्तकात नाहीत."

मुलगी जरा गोंधळली. "ते मला म्हाईत न्हाई. सर म्हणाले, एकसारखं असू दे, पोरांचा घोळ नको."

मी एका चित्रावर बोट ठेवलं. बारीक, लालसर देठाचं गवत होतं ते. "हे कोणतं?" परीक्षकानं विचारावं तसं मी विचारलं. मला ते ठाऊक नव्हतं. माझं नाव त्याच्या खाली होतं.

मुलीनं घडाघडा सांगितलं. कधी उगवतं, मेंढी कधी तोंड लावते, कधी लावत नाही. मी ऐकत बसले. चूक की बरोबर, मला काही कळत नव्हतं.

"छान," मी म्हटलं आणि पैकीच्या पैकी गुण घातले. खाली सही केली.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "सहीखाली पूर्ण नाव लागतं. न्हाईतर ऑफिसात घेत न्हाईत."

मी पूर्ण नाव लिहिलं. तिनं फाइल आपल्याकडे वळवली, नाव वाचलं, पुन्हा वाचलं. तिचे डोळे मोठे झाले. फाइल बाकावर ठेवून ती पुढे आली आणि वाकून माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले नाहीत.